दहावीच्या वर्गाला पीटीचा तास परत द्या

आज १५ जानेवारी, खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्मदिवस. महाराष्ट्र हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावात १९२६ साली जन्मलेल्या या पैलवानाच्या जन्माला यंदा शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी फ्रीस्टाइल कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, आणि स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक लाभले. तसे पदक पुन्हा एका मराठी खेळाडूच्या गळ्यात पडायला २०२४ साल उजाडावे लागले. पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत ते मिळवले. मधली बहात्तर वर्षे आपण खाशाबांच्या तसबिरीला हार घालत आलो, आजही घालू, आणि तो मान त्यांचाच आहे.

या शताब्दीच्या दिवशी मात्र खाशाबांच्या चरित्रातल्या दुसऱ्या एका माणसाविषयी बोलावेसे वाटते. हेलसिंकीला जायचे तर पैसे हवे होते आणि ते नव्हते. खाशाबा दारोदार फिरले, लोकांनी वर्गणी दिली, तरी भागेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. ते ना कुस्तीचे वस्ताद होते ना तालमीचे चालक. वर्गात शिकवणारा, परीक्षा घेणारा, निकाल लावणारा तो एक शिक्षक होता. मुलाचे शरीर हाही शिक्षणसंस्थेचा विषय आहे, ही गोष्ट ज्याच्या मनात पक्की असते, तोच असे पाऊल उचलतो.

आज आपल्या माध्यमिक शाळांत ती गोष्ट किती पक्की आहे, हे पाहायला मोठी पाहणी लागत नाही. दहावीच्या वर्गाच्या भिंतीवरचे वेळापत्रक पाहावे आणि मग त्या वर्गातल्या एखाद्या मुलीला विचारावे, की यातला पीटीचा तास शेवटचा कधी झाला? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येते: गणपतीनंतर नाही, किंवा दिवाळीनंतर नाही. तो तास गणिताच्या सरांनी घेतला, कारण पोर्शन राहिला होता. मग विज्ञानाच्या बाईंनी घेतला, कारण प्रॅक्टिकलच्या वह्या पूर्ण व्हायच्या होत्या. त्यानंतर सराव परीक्षा आली. डिसेंबरातल्या क्रीडा स्पर्धांत दहावीच्या मुलांनी भाग घेऊ नये, असे अनेक शाळांत तोंडी सांगितले जाते. संध्याकाळी क्लास असतो, रविवारी क्लासची टेस्ट. घरातली सायकल जिन्याखाली धूळ खात पडते आणि आई-वडील मोठ्या प्रेमाने म्हणतात, ‘एक वर्ष दम धर, मग काय हवे ते खेळ.’ पुढे अकरावी-बारावीत तेच वाक्य पुन्हा ऐकू येते, कारण तेव्हा जेईई-नीट समोर असते. पंधराव्या वर्षी सुटलेला खेळ अठराव्या वर्षी परत हाती येत नाही, हे आपण आपल्याच घरांत पाहिलेले आहे.

हे सगळे दुष्टपणाने होत नाही, हे आधीच मान्य करू. गणिताच्या सरांवर निकालाचा भार असतो. मुख्याध्यापकांना जूनमध्ये फलकावर टक्केवारी लावायची असते. आई-वडिलांनी क्लासची फी कर्ज काढून भरलेली असते. या सर्वांच्या मनात एक साधे गणित आहे: दिवस चोवीस तासांचा, मैदानावर गेलेला तास अभ्यासातून वजा होणार, म्हणून गुणांतूनही वजा होणार. आमचे म्हणणे एवढेच, की हे गणित चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचा पुरावा अनेक दशके जगासमोर आहे.

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात त्र्वा-रिव्हिएर नावाचे शहर आहे. तिथल्या आणि शेजारच्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळांत १९७० ते १९७७ या काळात एक मोठा प्रयोग झाला. मुलांच्या एका गटाला रोज एक तास शारीरिक शिक्षण दिले गेले, तेही त्या विषयाच्या शिक्षकांकडून. हा तास बाहेरून आणलेला नव्हता. इतर विषयांचा वेळ तेरा-चौदा टक्क्यांनी कापून तो काढला होता. पहिलीत ही मुले गुणांत किंचित मागे राहिली. दुसरीपासून पुढे मात्र ती, सारा वेळ वर्गात बसलेल्या मुलांच्या बरोबरीने किंवा त्यांच्याहून सरस उतरली. शिकवण्याचा वेळ कमी झाला आणि शिकणे कमी झाले नाही. वेळापत्रक आखणाऱ्या प्रत्येकाने या एका निष्कर्षापाशी थोडा वेळ थांबायला हवे.

ही लहान मुलांची गोष्ट झाली, दहावीचे काय, असे कोणी विचारेल. त्यासाठी इंग्लंडच्या पश्चिम भागातल्या एव्हन परगण्यातली मुले पाहावीत. १९९१-९२ च्या सुमारास तिथे जन्मलेल्या हजारो मुलांचा त्यांच्या जन्माआधीपासून अभ्यास चालू आहे. त्यातल्या सुमारे पाच हजार मुलांच्या कमरेला अकराव्या वर्षी काही दिवस हालचाल मोजणारे छोटे यंत्र बांधले गेले. किती खेळतोस, असे मुलांना विचारून लिहून घेतले नाही, प्रत्यक्ष मोजले. मग त्याच मुलांचे अकराव्या, तेराव्या आणि सोळाव्या वर्षीचे इंग्रजी, गणित आणि विज्ञानातले गुण तपासले. सोळाव्या वर्षीची तिथली परीक्षा म्हणजे आपल्या दहावीच्या जवळची सार्वजनिक परीक्षा. अकराव्या वर्षी ज्यांची दमवणारी हालचाल जास्त होती, त्यांचे पुढचे गुणही सरस निघाले. घरची परिस्थिती, आईचे वय, मुलाचे वजन अशा अनेक गोष्टींचा हिशेब वजा केल्यावरही हा संबंध टिकला. मुलांत रोजची सतरा मिनिटे आणि मुलींत रोजची बारा मिनिटे जादा हालचाल एवढ्यावर गुणांतला फरक दिसू लागत होता. मुलींच्या विज्ञानाच्या गुणांत तो विशेष ठळक होता. आणि मुळात ही मुले रोज खऱ्या अर्थाने दमत होती किती? मुलगे सरासरी २९ मिनिटे, मुली अवघी १८. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटे सांगते.

आता या पुराव्याची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण खेळाच्या बाजूने बोलणारेच अनेकदा ती झाकून ठेवतात. खेळणाऱ्या मुलाला जास्त गुण मिळतात म्हणजे खेळामुळेच मिळतात, असे लगेच म्हणता येत नाही. सुस्थितीतल्या घरातल्या मुलाला मैदानही मिळते आणि पुस्तकेही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिल शहराचे उदाहरण व्याख्यानांतून नेहमी दिले जाते. तिथल्या शाळेत पहिल्या तासाआधी मुलांना धावायला लावत, आणि १९९९ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तिथली मुले विज्ञानात जगात पहिली आणि गणितात सहावी आली. पण नेपरव्हिल हे सुखवस्तू, सुशिक्षितांचे उपनगर आहे, आणि ती सगळी कमाई सकाळच्या धावण्याच्या खात्यावर टाकणे न्यायाचे नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१० साली पन्नास अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शारीरिक हालचाल आणि शालेय यश यांतल्या संबंधांपैकी निम्मे अनुकूल निघाले, आणि उरलेल्यांपैकी जवळपास सगळ्यांत फरकच दिसला नाही. म्हणजे खेळाने प्रत्येक मुलाचे गुण हमखास वाढतील, असे आश्वासन कोणी देऊ नये.

पण याच पाहणीतला तिसरा आकडा आपल्यासाठी सर्वांत मोलाचा आहे. प्रतिकूल संबंध, म्हणजे हालचाल वाढली आणि यश घटले असे दिसणारे, शंभरात जेमतेम एक-दोन होते. पालकांना जी भीती वाटते, तिला आधार सापडत नाही. मग जबाबदारी कोणाची? आजवर मैदानाच्या बाजूने बोलणाऱ्याला सिद्ध करायला सांगितले गेले, की खेळाने गुण वाढतात. यापुढे, जो पीटीचा तास काढून घेतो त्याने सांगावे, की तो काढल्याने कोणाचे किती गुण वाढले.

स्पेनमधल्या मुर्सियातल्या एका छोट्या प्रयोगाने आणखी एक गोष्ट दाखवली आहे, आणि तिचा संबंध थेट आपल्या पीटीच्या तासाशी आहे. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांचे तीन गट केले गेले. एकाला नेहमीप्रमाणे आठवड्याला दोन तास, दुसऱ्याला चार, आणि तिसऱ्याला चार, पण खूप दमवणारे. चार महिन्यांनी आकलनात आणि शालेय गुणांत सुधारणा दिसली ती तिसऱ्या गटात. तासांची संख्या दुप्पट करून पुरले नाही, घाम यावा लागला. आपल्याकडे ज्या शाळांत पीटीचा तास अजून शिल्लक आहे, तिथे तो कसा जातो हे आठवावे. रांगा लावण्यात दहा मिनिटे, हजेरीत पाच, मग एक चेंडू आणि साठ मुले. बारा जण खेळतात, बाकीचे कट्ट्यावर बसून पाहतात. वेळापत्रकात तास आहे, पण अठ्ठेचाळीस मुलांची छाती एकदाही धपापलेली नाही. अशा तासाचा बचाव आम्ही करत नाही.

शरीर दमले तर मेंदूला काय मिळते, हेही थोडक्यात सांगायला हवे, कारण आपल्याकडे ‘खेळून डोके ताजे होते’ यापलीकडे हा विषय जात नाही. जोराची हालचाल झाली की बीडीएनएफ नावाचे प्रथिन वाढते. चेतापेशी टिकवणे आणि त्यांच्यातल्या नव्या जोडण्या घट्ट करणे हे त्याचे काम. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा जो भाग नव्या आठवणी घडवतो, तिथे या प्रथिनाचे काम महत्त्वाचे असते. दुसरा परिणाम लगेचचा आहे. इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन यांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वीस मिनिटे झपझप चालायला लावले आणि मग लक्ष एकाग्र करण्याच्या चाचण्या दिल्या. बसून राहिल्यानंतरच्यापेक्षा चालून आल्यानंतर मुलांनी त्या चांगल्या सोडवल्या. तिसरा परिणाम झोपेचा आहे, आणि दहावीच्या मुलासाठी तो आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते. दिवसभर पाठ केलेले पक्के होण्याचे बरेच काम झोपेतच होते. पहाटे चारला उठवून अभ्यासाला बसवलेले, दिवसभर बाकावर आणि रात्री दहापर्यंत क्लासात बसलेले मूल अंथरुणावर तळमळते, कारण त्याचे डोके दमलेले असते, पण शरीर दमलेलेच नसते. परीक्षेच्या काळजीने हातापायांना घाम फुटणाऱ्या मुलाला रोज अर्धा तास धावायला लावणे हा उपाय स्वस्त आहे आणि त्याने बिघडत काही नाही.

महाराष्ट्राला हे सारे परदेशातून शिकण्याची गरज पडावी, याचे आम्हाला दुःख वाटते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. ते स्वतः रोज घालत आणि मुलांकडून घालून घेत. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले, आणि त्या मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढले, आणि तिथे व्यायामशाळा आणि शाळा एकाच छताखाली वाढल्या. बुद्धी आणि बळ यांची वाटणी करून एकाला क्लासात आणि दुसऱ्याला आखाड्यात पाठवायचे, ही रीत या माणसांची नव्हती. खोखो, लंगडी, हुतूतू, आट्यापाट्या यांना ना महाग साहित्य लागते, ना हिरवळीचे मैदान. आट्यापाट्यांच्या एका डावात किती दम लागतो, हे ज्याने पाटी अडवली आहे त्याला माहीत आहे.

आज आपली व्यवस्था काय करते? नववी-दहावीत ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा श्रेणी विषय आहे. त्याची श्रेणी गुणपत्रिकेवर छापली जाते, टक्केवारीत मात्र धरली जात नाही. ज्याने टक्के वाढत नाहीत त्याला वर्षअखेरीला कोणी विचारत नाही, आणि बहुतेक ठिकाणी सर्वांना अ श्रेणी देऊन विषय संपवला जातो. दुसरीकडे, स्पर्धांत ठरावीक पातळीपर्यंत पोचलेल्या खेळाडूंना बोर्ड सवलतीचे गुण देते. ते द्यावेतच, त्या मुलांनी ते घाम गाळून कमावलेले असतात. पण या रचनेतून शाळा एकच धडा घेते: खेळ ही निवडक दहा जणांची गोष्ट आहे, उरलेल्या साडेतीनशे जणांचे शरीर कोणाच्याच हिशेबात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण हवे असे २००९ पासून लिहिलेले आहे. तो कायदा आठवीपर्यंतचा. नववीत गेलेल्या मुलाला मैदानाची गरज उरत नाही, असे मात्र त्यात कुठेही म्हटलेले नाही. मुंबईत आणि उपनगरांत दोन अधिवेशनांत भरणाऱ्या, एकाच इमारतीत तीन माध्यमे चालवणाऱ्या शाळांना पटांगण म्हणजे वाहने लावायची जागा एवढेच उरले आहे. अनेक गावांत पटांगण आहे, पण पीटीचे शिक्षक निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरलेली नाही.

आणि या सगळ्यात सर्वांत आधी मैदानाबाहेर जाते ती मुलगी. जगभरातल्या ११ ते १७ वयोगटातल्या मुलामुलींचा जो मोठा आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात पुरेशी हालचाल न करणाऱ्यांचे प्रमाण एकूण ८१ टक्के होते; मुलग्यांत ७८ आणि मुलींत ८५. भारतातही चारांतली सुमारे तीन मुले त्या यादीत होती. आपल्या मुलीच्या बाबतीत कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. सातवीपर्यंत खोखोत सर्वांना मागे टाकणारी मुलगी पाळी सुरू झाल्यावर कट्ट्यावर बसते, कारण शाळेत स्वच्छ स्वच्छतागृह नसते, कपडे बदलायला जागा नसते आणि मैदानावर बाई शिक्षिका नसतात. संध्याकाळी अंधार पडायच्या आत घरी यायचे असते, आणि आल्यावर भावाला क्रिकेटला जायचे असते, तिला भाकऱ्या थापायच्या असतात. दहावीच्या वर्षी तिचा उरलासुरला खेळही ‘अभ्यासासाठी’ बंद होतो. एव्हनमधल्या मुलींच्या विज्ञानाच्या गुणांविषयी वर जे लिहिले, ते वाचून आम्हाला याच मुली आठवल्या. ज्या मुलींना आपण विज्ञान शाखेत पाठवू इच्छितो, त्यांच्याच पायातले बूट आपण आधी काढून घेतो. नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून, माणच्या दुष्काळी पट्ट्यातून कविता राऊत, ललिता बाबर यांच्यासारख्या धावपटू घडल्या, याचा आपण अभिमान बाळगतो. त्या गावांतल्या बाकीच्या मुली शाळेत रोज किती धावतात, हा प्रश्न त्या अभिमानाबरोबरच विचारायला हवा.

मग काय करावे? आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. दहावीच्या परीक्षेला काही आठवडे उरले आहेत. या आठवड्यांत शाळांनी सराव परीक्षेच्या दिवशीही पेपर सुरू होण्याआधी मुलांना पटांगणात पंधरा-वीस मिनिटे झपझप चालवावे. जादा तास घ्यायचे असतील तर सलग तीन तासांच्या मध्ये मुलांना वर्गाबाहेर काढावे. ज्यांना पटांगण नाही त्यांना जिने आहेत, गच्ची आहे, आणि सूर्यनमस्काराला सहा फूट जागा पुरते. पालकांनी या महिन्यात मुलाची सायकल जिन्याखालून बाहेर काढावी आणि क्लासला जाताना स्कूटरवर मागे बसवू नये.

खरे काम जूनमधले आहे. नवीन वर्षाचे वेळापत्रक आखताना दहावीच्या पीटीच्या तासिका आधी लिहाव्यात, त्या दिवसाच्या शेवटी न ठेवता गणिताच्या किंवा विज्ञानाच्या आधी ठेवाव्यात, आणि त्यांत बदली तास घेण्यास मुख्याध्यापकांनी लेखी मनाई करावी. शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांनी तपासणीला आल्यावर निकालाचा फलक पाहण्याआधी ही तासिका झाली की नाही ते मुलांना विचारावे. शारीरिक शिक्षणाच्या रिकाम्या जागा भरण्यासाठी शताब्दीच्या वर्षाहून चांगला मुहूर्त सरकारला मिळणार नाही. खाशाबांच्या नावाने स्पर्धा भरवा, पुरस्कार द्या, संकुले बांधा. पण त्याआधी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ज्या माध्यमिक शाळांत पीटीचे शिक्षकच नाहीत, त्यांची यादी जाहीर करा आणि त्या जागा केव्हापर्यंत भरणार ती तारीख सांगा. भरताना निम्म्या जागा महिलांना द्या, म्हणजे नववी-दहावीच्या मुली मैदानावर उतरतील. पहिल्या पावसात पटांगणात चिखल होईल, गणवेश मळतील, दोन-चार आया तक्रार घेऊन शाळेत येतील. त्यांना मुख्याध्यापकांनी समोर बसवून त्र्वा-रिव्हिएरच्या मुलांची गोष्ट सांगावी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्गाला पुन्हा पटांगणात पाठवावे.